आवाजाचा नवा पत्ता
फिरत्या कर्मचारीवर्गासाठी इंटरनेट दूरध्वनी : एक अभ्यास

बंगळुरू शहराच्या पूर्व भागात ‘दूरवाणीनगर’ नावाची वसाहत आहे. मराठीतल्या दूरध्वनीला कन्नडमध्ये दूरवाणी म्हणतात. 1948 मध्ये ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ हा सरकारी कारखाना येथे उभा राहिला आणि पुढची कित्येक दशके देशातील बहुतेक कार्यालयांच्या टेबलांवर जो काळा, जड टेलिफोन दिसे तो या कारखान्याने घडविलेला असे. त्या काळी आवाज तारेने बांधलेला होता आणि तार भिंतीला. दूरध्वनी क्रमांक हा माणसाचा नसे, जागेचा असे. ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य त्यामुळेच अर्थपूर्ण होते.

आवाजाला जागेपासून सोडविण्याच्या प्रवासातही कर्नाटकाचा वाटा मोठा आहे. ऑगस्ट 1984 मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने भारतीय ऊन आणि धूळ सोसेल, वातानुकूलनावाचून चालेल असे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. 128 जोडण्यांचे असे पहिले एक्स्चेंज जुलै 1986 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. राणी चन्नम्माच्या गावातून लागलेला तो फोन आणि आज कोल्हापूरच्या फाउंड्रीत उभा राहून बंगळुरूच्या मुख्य कार्यालयाच्या क्रमांकावरून बोलणारा सेवा तंत्रज्ञ, या दोहोंच्या मध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे. या अवधीत आवाज आकड्यांमध्ये रूपांतरित झाला, आकडे इंटरनेटवर आले आणि इंटरनेट खिशात आले.

तथापि जागा सुटली की जागेबरोबर असलेली जबाबदारीही सुटते, याकडे अनेक उद्योजकांचे दुर्लक्ष होते. पूर्वी स्विचबोर्डवर बसणारी ऑपरेटर कोणाचा फोन कोणाकडे द्यायचा, कोण रजेवर आहे, कोणाला रात्री त्रास द्यायचा नाही, कोणता फोन संशयास्पद वाटतो, हे सारे सांभाळीत असे. तिचे टेबल उचलले गेले म्हणून तिचे काम संपले असे होत नाही. ते काम आता कोणी, कोणत्या नियमाने करायचे हा इंटरनेट दूरध्वनी बसविताना पडणारा खरा प्रश्न होय. यंत्रणा विकत घेणे त्या मानाने सोपे आहे.

कायद्याने मोकळी केलेली वाट

भारतात इंटरनेट दूरध्वनीला 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली, परंतु ती मर्यादित होती. संगणकावरून संगणकाशी बोलता येई, संगणकावरून परदेशातील टेलिफोनवरही बोलता येई, मात्र देशातील सामान्य टेलिफोन किंवा मोबाईल क्रमांकाशी जोडणी करण्यास मज्जाव होता. परिणामी ज्या कंपन्यांचे ग्राहक देशातच होते त्यांना या तंत्राचा उपयोग जवळजवळ नव्हता.

चित्र पालटण्यास सप्टेंबर 2016 पासून वेग आला. त्या महिन्यात ‘जिओ’ने जे जाळे सुरू केले त्यात जुन्या पद्धतीची स्वतंत्र आवाजवाहिनी नव्हतीच. तेथील प्रत्येक संभाषण आकड्यांच्या पॅकेटमधूनच जाई. पुढे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर 2017 मध्ये शिफारशी केल्या आणि 2018 मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींत त्यानुसार बदल केला. परवानाधारक कंपनी आता ॲपद्वारे इंटरनेट दूरध्वनी देऊ शकत होती आणि त्यासाठी ग्राहकाकडे त्याच कंपनीचे सिम कार्ड असण्याची गरज उरली नाही. भारत संचार निगमने त्याच वर्षी जुलैमध्ये ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली, ती या बदलाचे पहिले ठळक फळ.

बंगळुरूसारख्या शहराला अधिक जाचक वाटत होते ते दुसरेच नियम. दूरध्वनीवरून ग्राहकसेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना दूरसंचार विभागाकडे ‘इतर सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करावी लागे. कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचे तर एक कोटी रुपयांपर्यंत अनामत ठेवावी लागे आणि जोडणीवरही कडक अटी असत. म्हणजे तंत्रज्ञान घरापर्यंत पोहोचलेले असूनही कायदा कार्यालयाच्या दारातच उभा होता. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीने कार्यालये बंद पडू लागली तेव्हा 13 मार्च रोजी या अटी तात्पुरत्या शिथिल करण्यात आल्या. कार्यालयातील संगणक गाड्यांत भरून कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचविण्याचे ते दिवस अनेकांच्या स्मरणात असतील. 5 नोव्हेंबर 2020 रोजी नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि नोंदणी, बँक हमी, कायमस्वरूपी इंटरनेट पत्त्याची सक्ती, जाळ्याचा आराखडा सादर करण्याची अट ही सर्व रद्द झाली. 23 जून 2021 च्या सुधारणेने आणखी एक पाऊल टाकले. दूरवर बसलेला कर्मचारी कोणत्याही तंत्राने, अगदी मोबाईल ब्रॉडबँडनेसुद्धा, कंपनीच्या मध्यवर्ती ईपीएबीएक्सशी थेट जोडला जाऊ शकतो हे त्यात स्पष्ट झाले.

एक मर्यादा मात्र कायम आहे. इंटरनेटवरून आणलेला आवाज सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात सोडायचा असेल, तर ती जोडणी परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी लागते. डझनावारी सिम कार्डे एका पेटीत घालून परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल स्थानिक कॉल म्हणून पुढे ढकलणारी बेकायदा एक्स्चेंजेस बंगळुरूमध्येच जून 2021 मध्ये उघडकीस आली होती आणि तपासात लष्करी गुप्तवार्ता विभागाचाही सहभाग होता. कोणी विक्रेता अविश्वसनीय वाटावे इतक्या स्वस्त दराचा प्रस्ताव घेऊन आला, तर त्याचा आवाज कोणत्या परवान्याखाली जाळ्यात उतरतो हा पहिला प्रश्न विचारावा.

एक उदाहरण

विषय नीट कळावा म्हणून एक काल्पनिक उद्योग डोळ्यांसमोर आणू. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत यंत्रसामग्री तयार करणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. तिचे विक्री व सेवा विभागातील साठ कर्मचारी होसूर, बेळगाव, कोल्हापूर, चाकण, राजकोट येथे विखुरलेले आहेत. प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाईल आहे, ग्राहक त्याच क्रमांकावर फोन करतात आणि बिलाचा काही भाग कंपनी देते. बहुसंख्य मध्यम उद्योगांची आजची स्थिती हीच आहे आणि वरवर पाहता तीत काही वावगे नाही.

वावगे दिसते ते कर्मचारी नोकरी सोडतो त्या दिवशी. चाकणचा तंत्रज्ञ प्रतिस्पर्धी कंपनीत गेला की सहा वर्षे जोपासलेले सत्तर ग्राहकही त्याच्या फोनमधून निघून जातात. त्यात त्याचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. ग्राहकाला तोच क्रमांक ठाऊक असतो, एवढेच. उलट बाजूही आहे. सेवा विभागातील एखाद्या महिला अभियंत्याचा वैयक्तिक क्रमांक शेकडो अनोळखी लोकांकडे जातो आणि रात्री अकरा वाजता वाजणाऱ्या फोनला कंपनीचे काम म्हणायचे की उपद्रव, हे तिचे तिनेच ठरवायचे असते. दोन्ही बाबतींत मूळ दुखणे एकच : कंपनीच्या आवाजाला कंपनीचा पत्ता नाही.

इंटरनेट दूरध्वनीत हा पत्ता मिळतो. कंपनीच्या नावे परवानाधारकाकडून घेतलेले क्रमांक मध्यवर्ती सर्व्हरवर राहतात. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक एक्स्टेन्शन दिले जाते आणि त्याच्या मोबाईलवरील ॲप हेच ते एक्स्टेन्शन बनते. तो ग्राहकाला फोन करतो तेव्हा समोर कंपनीचा क्रमांक दिसतो. नोकरी सुटली की एक्स्टेन्शन दुसऱ्याच्या नावे होते, आणि त्याचा वैयक्तिक क्रमांक त्याचाच राहतो.

आवाज किती जागा घेतो

बोलणारा एका सेकंदात जे बोलतो त्याचे यंत्र साधारणपणे पन्नास तुकडे करते. प्रत्येक तुकडा वीस सहस्रांश सेकंदांचा असतो आणि पत्ता लिहिलेल्या पॅकेटमध्ये बंद होऊन रवाना होतो. टेलिफोनच्या जुन्या आणि सर्वमान्य ‘जी-711’ पद्धतीत आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट लागतात. प्रत्येक पॅकेटवरील पत्त्याचे 40 बाइट धरले की ही मागणी 80 किलोबिटपर्यंत जाते. दोन्ही दिशांचा विचार करता तासाभराच्या बोलण्याला सुमारे 72 मेगाबाइट खर्ची पडतात. 2012 मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही पद्धत 24 किलोबिटमध्ये अधिक सुस्पष्ट आवाज देते. पत्त्याचा खर्च धरूनही ती 40 किलोबिटमध्ये, म्हणजे तासाला सुमारे 36 मेगाबाइटमध्ये भागते. पाकिटावरचा पत्ताच आतल्या पत्राच्या दोन-तृतीयांश वजनाचा, असा हा प्रकार आहे!

कंपनीला एकाच वेळी किती वाहिन्या लागतील याचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी ते 1917 मध्ये मांडले आणि आजही तेच वापरतात. साठ कर्मचारी गर्दीच्या तासात सरासरी दहा मिनिटे बोलतात असे धरले, तर एकूण सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तासांचे बोलणे एका तासात मावले पाहिजे. शंभरातील एखादाच कॉल अडावा अशी अपेक्षा असेल तर एरलांगच्या सूत्रानुसार अठरा वाहिन्या पुरतात. साठ कर्मचाऱ्यांसाठी साठ वाहिन्या घेणारा उद्योजक विक्रेत्याला आनंद देतो, तर दहाच घेणारा ग्राहकाला ताटकळत ठेवतो. अठरा वाहिन्यांना जी-711 ने प्रत्येक दिशेला दीड मेगाबिटसुद्धा लागत नाही. साध्या ब्रॉडबँडला हे ओझे पेलवते.

तेव्हा अडचण जागेची नाही, वेळेची आहे. ई-मेल चार सेकंद उशिरा आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण आवाज उशिरा आला की दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात आणि संभाषणाचा विचका होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘जी-114’ या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा विलंब 150 सहस्रांश सेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना तो जाणवत नाही. या मर्यादेचा विचार सर्व्हर कोठे आहे हे ठरविताना करावा लागतो. प्रकाशतंतूमधून संदेश एका सहस्रांश सेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर पीण्यातील लेखापाल आणि होसूरमधील तंत्रज्ञ यांचे बोलणे चौदा हजार किलोमीटर जाते आणि तितकेच परत येते. निव्वळ अंतरापोटी 140 सहस्रांश सेकंद संपतात, यंत्रांनी घेतलेला वेळ वेगळाच. करार करताना मासिक दरावर घासाघीस करणारे खरेदी अधिकारी सर्व्हरच्या गावाचे नाव विचारायला विसरतात. मुंबई किंवा बंगळुरूमधील सर्व्हरचा आग्रह धरणे हा चोखंदळपणा नव्हे.

विलंबाइतकाच त्रास त्यातील अनियमितपणा देतो. पॅकेट ठराविक ठेक्यात न येता कधी घोळक्याने, कधी रेंगाळत आली की आवाज तुटक येतो. ॲप काही पॅकेट साठवून ठेवते आणि ठेका सावरते, पण तेवढा विलंब वाढतोच. मोबाईल कंपनीच्या स्वतःच्या ‘व्होल्टे’ संभाषणासाठी जाळ्यात राखीव मार्गिका असते, तर ॲपवरील आवाजाला चित्रफिती आणि छायाचित्रांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. हा फरक प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. जेथे डेटाचे जाळे दुबळे आहे तेथे ॲपने स्वतः कॉल न लावता, सर्व्हरने कर्मचाऱ्याच्या सिमवर साधा फोन करून तो ग्राहकाशी जोडून देण्याची सोय ठेवावी. ग्राहकाला तेव्हाही कंपनीचाच क्रमांक दिसतो.

कार्यालयातील वाय-फायवरही आवाजाच्या पॅकेटना अग्रक्रम देण्याची सोय राऊटरमध्ये असते, पण ती बहुधा बंद असते. ती चालू करून घ्यावी. राऊटरला बॅटरीचा आधार द्यावा हे सांगायला नको, पण सांगावे लागते. जुना टेलिफोन एक्स्चेंजमधून वीज घेत असे आणि दिवे गेले तरी चालत असे. आज वीज गेली की राऊटर पहिला बंद पडतो.

झोपलेला फोन

टेबलावरच्या इंटरनेट टेलिफोनमध्ये नसलेली आणि मोबाईलमध्येच भेटणारी एक अडचण आहे. बसविलेली यंत्रणा महिन्याभरात बदनाम होते ती बहुधा हिच्याचमुळे, म्हणून तिचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे. तक्रारीचे शब्द ठरलेले असतात : ‘तुम्हाला तीनदा फोन केला, वाजतच नव्हता.’ कर्मचारी शपथेवर सांगतो की फोन खिशातच होता. दोघेही खरे बोलत असतात.

मोबाईल पडदा बंद करून खिशात ठेवला की बॅटरी वाचविण्यासाठी तो ॲपना झोपवितो. अँड्रॉइडमध्ये 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ नावाची व्यवस्था आहे. फोन बराच वेळ हालचालीविना पडून राहिला तर ती ॲपचे इंटरनेट ठराविक काळापुरते तोडते. टेबलावरील टेलिफोन सर्व्हरशी सतत ‘मी आहे, मी आहे’ असे बोलत राहतो. झोपलेले ॲप तसे बोलू शकत नाही आणि सर्व्हरच्या लेखी ते हजेरीपटावरून नाहीसे होते.

यावर उपाय म्हणून सर्व्हर प्रथम गूगल किंवा ॲपल यांच्या यंत्रणेमार्फत फोनला जागे करणारा छोटा संदेश पाठवितो. ॲप जागे होते, सर्व्हरकडे हजेरी लावते आणि मग घंटी वाजते. आयफोनच्या बाबतीत ॲपलने 2019 च्या तेराव्या आवृत्तीपासून नियम केला की, असा संदेश आल्यावर ॲपने फोनच्या नेहमीच्या पडद्यावर कॉल दाखविलाच पाहिजे. तसे न करणारे ॲप बंद केले जाते. या सर्व पायऱ्यांना वेळ लागतो. म्हणून सर्व्हरवर ‘पंधरा सेकंदांत उचलला नाही तर पुढच्याकडे द्या’ असा नियम ठेवला, तर कित्येकदा कर्मचाऱ्याच्या खिशातील घंटी नुकती वाजू लागते तोच कॉल दुसरीकडे गेलेला असतो. ही मुदत तीस सेकंदांच्या आसपास ठेवणे श्रेयस्कर.

शिवाय काही फोनचे निर्माते बॅटरीच्या बचतीसाठी स्वतःचे आणखी कडक नियम लावतात. प्रत्येक निर्मात्याच्या फोनमध्ये ते निराळ्या ठिकाणी, निराळ्या नावाने असतात. कर्मचाऱ्यांना हे शोधायला लावणे व्यर्थ आहे. कंपनीत ज्या चार-पाच प्रकारचे फोन अधिक आहेत, त्या प्रत्येकासाठी एका पानाचे सचित्र टिपण तयार करावे आणि ते मराठी, कन्नड, हिंदी, गुजराती अशा कर्मचाऱ्याच्या भाषेत असावे. चाचणीही खिशातल्या फोनवर घ्यावी. पडदा बंद करून फोन तासभर टेबलावर ठेवावा, वाय-फाय बंद असावे आणि मग बाहेरच्या साध्या मोबाईलवरून कंपनीच्या क्रमांकावर कॉल करावा. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात फोन नेहमी जागा असतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरी परिचित तक्रार ‘मला ऐकू येते, पण माझे बोलणे जात नाही’ ही. इंटरनेट दूरध्वनीत कॉल जुळविणारा संदेश एका वाटेने आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या वाटेने जातो. अनेक मोबाईल एकाच सार्वजनिक पत्त्याआड असल्याने आवाजाला परतीची वाट सापडत नाही. मध्यस्थ सर्व्हरमार्फत आवाज फिरवून घेतला की हे दुखणे जाते. विक्रेत्याकडे अशी सोय देशातच आहे ना, हे विचारून घ्यावे. तसेच बोलत बोलत कार्यालयाच्या वाय-फायमधून रस्त्यावरच्या मोबाईल जाळ्यात जाताना फोनचा इंटरनेट पत्ता बदलतो. चांगले ॲप चालू कॉल नव्या पत्त्यावर हलविते, सुमार ॲप कॉल तोडते. ही परीक्षा दारातून बाहेर चालत जाऊन पाच मिनिटांत घेता येते.

कोणाचा फोन, कोणाचा अधिकार

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचे ॲप टाकताना एक नाजूक रेषा ओलांडली जाण्याची शक्यता असते. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा वेगळा ठेवण्याची सोय आहे. कंपनी तो कप्पा पुसू शकते, मात्र घरची छायाचित्रे आणि खासगी संदेश तिच्या हाती लागत नाहीत. ही सोय आहे तर ती वापरावी, आणि कंपनी काय पाहू शकते व काय पाहू शकत नाही हे लेखी द्यावे. कॉल ध्वनिमुद्रित होत असेल तर कर्मचारी आणि ग्राहक या दोघांनाही ते कळले पाहिजे.

ॲपमधील कामाच्या वेळा प्रत्येकासाठी ठरवून द्याव्यात. सायंकाळी सातनंतर कॉल कोणत्या पाळीकडे जातील, रविवारी कोण उचलेल, कोणीच उचलला नाही तर निरोप कोठे राहील, ही उत्तरे यंत्रणा विकत घेण्यापूर्वी कागदावर उतरली पाहिजेत. पूर्वी ऑपरेटरला ती तोंडपाठ असत.

आपत्कालीन 112 क्रमांक मात्र फोनच्या स्वतःच्या सिमवरूनच लावावा, अशी सक्त सूचना द्यावी. एक्स्टेन्शनचा पत्ता बंगळुरूचा असतो, अपघात मात्र कोल्हापूरच्या फाउंड्रीत झालेला असू शकतो.

काही कंपन्या या खटाटोपात न पडता सर्वसामान्य संदेश-ॲपवरूनच कारभार चालवितात. लहान दुकानाला ते शोभते. पण तेथे खाते सिम कार्डाशी आणि पर्यायाने व्यक्तीशी बांधलेले असते. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने अशा ॲपना खाते सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचे निर्देश दिले, त्यावरून शासनाची दिशाही स्पष्ट होते. आणखी एक धोका सेवाच बंद होण्याचा. 2003 पासून जगाला इंटरनेटवर बोलायला शिकविणारे ‘स्काइप’ 5 मे 2025 रोजी बंद झाले. विक्रेत्याने उद्या दुकान आवरले तर क्रमांक कोणाच्या नावे राहतील, याचे उत्तर करारात असावे.

पैशाची बाजू

इंटरनेटला जोडलेल्या ईपीएबीएक्सवर जगभरातून रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज बांधले जात असतात. 1001 एक्स्टेन्शनचा पासवर्डही 1001 असला, तर शनिवारी रात्री कोणी तरी आत शिरते, दूरदेशीच्या महागड्या क्रमांकांवर शेकडो कॉल करते आणि सोमवारी कंपनीला बिल दिसते. उपाय साधे आहेत. लांब, यंत्राने तयार केलेले पासवर्ड द्यावेत, परदेशी कॉल मुळातच बंद ठेवून गरज असलेल्यांनाच उघडून द्यावेत आणि दूरसंचार कंपनीकडून दैनंदिन खर्चाची मर्यादा लावून घ्यावी. संदेश आणि आवाज दोन्ही सांकेतिक रूपात जातील अशी व्यवस्था असावी, कारण विमानतळाच्या वाय-फायवरून बोलणारा विक्री अधिकारी दरपत्रकच बोलत असतो.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक करण्यात आले. या नोंदी कोण ठेवतो, विक्रेता की कंपनी, हे घटना घडण्यापूर्वीच ठरलेले असावे.

याहून सूक्ष्म धोका विश्वासाचा आहे. विखुरलेल्या कंपनीत लेखा विभागाने संचालकांना महिनोन्‌महिने प्रत्यक्ष पाहिलेले नसते. फोन वाजतो, ओळखीचा वाटणारा आवाज घाईत सांगतो की अमुक पुरवठादाराचे बँक खाते बदलले आहे, रक्कम आजच पाठवा. इंटरनेट दूरध्वनीत पडद्यावर दिसणारे नाव पाठविणाऱ्याला हवे तसे लिहिता येऊ शकते, तेव्हा ते नाव हा पुरावा मानू नये. खातेबदलाची कोणतीही सूचना फोनवर स्वीकारू नये. आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करावा आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती घेऊनच रक्कम सोडावी. बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनबाबतही अशीच दक्षता हवी. बँकांनी व्यवहार आणि सेवेसंबंधीचे कॉल ‘1600’ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सांगितले आहे. दहा अंकी साध्या मोबाईलवरून बोलणाऱ्या ‘शाखाधिकाऱ्या’शी संभाषण लांबवू नये आणि ओटीपी कोणालाच सांगू नये.

अंमलबजावणीचा क्रम

साठही कर्मचाऱ्यांना एका सोमवारी नवे ॲप देणे म्हणजे साठ तक्रारींना एका सोमवारी आमंत्रण. प्रथम आठ-दहा जण निवडावेत आणि त्यात उत्साही तरुणांबरोबर जुना फोन वापरणारा, ग्रामीण भागात फिरणारा आणि नव्या गोष्टींविषयी कुरकुर करणारा असे तिघे अवश्य असावेत. कुरकुर करणारा गृहस्थ यंत्रणेतील निम्मे दोष पहिल्या आठवड्यातच शोधून देतो. महिनाभर जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी शेजारी चालू द्यावी. दर आठवड्याला सर्व्हरवरील तीन नोंदी पाहाव्यात : न वाजता सुटलेले कॉल, तीस सेकंदांच्या आत तुटलेले कॉल आणि पॅकेट गहाळ होण्याचे प्रमाण. त्यावरून कोणत्या गावात, कोणत्या फोनवर, कोणत्या कंपनीच्या जाळ्यात अडचण आहे ते दिसू लागते आणि ‘ॲपच वाईट आहे’ या सरसकट शेऱ्याऐवजी नेमकी दुरुस्ती करता येते.

ग्राहकांना नवा क्रमांक कळविण्याची घाई बहुतेक सर्वजण करतात, जुन्या क्रमांकाचा विचार मात्र मागे पडतो. भ्रमणध्वनी क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 पासून देशभर आहे, पण ती योजना तारेच्या टेलिफोनसाठी नव्हती. पीण्यातील त्या कंपनीने वीस वर्षांपूर्वी विकलेल्या प्रत्येक यंत्रावर पितळी पट्टी ठोकलेली असते आणि तिच्यावर 080 ने सुरू होणारा जुना क्रमांक कोरलेला असतो. यंत्र आडवेळी बंद पडते तेव्हा कामगार संकेतस्थळ उघडत नाही, तो हाताने तेल पुसून पट्टी वाचतो. जुनी जोडणी दरमहा भाडे भरून चालू ठेवावी आणि तिच्यावर येणारा प्रत्येक कॉल नव्या सर्व्हरकडे वळवावा. पट्टीवरचा क्रमांक राजकोटहून फिरविला गेला, तरी घंटी त्या रात्रीच्या पाळीवर असलेल्या कोल्हापूरच्या तंत्रज्ञाच्या खिशात वाजेल.